जाहीरनाम्यातला गांजा: एका ओळीच्या आश्वासनाचा कायदा होताना काय काय घडतं

‘सत्तेत आलो तर गांजा कायदेशीर करू.’ जाहीरनाम्यात हे एका ओळीत मावतं. पण या ओळीचे निदान चार वेगवेगळे अर्थ निघतात, आणि पक्षाच्या मनात त्यातला कोणता आहे हे बहुतेक वेळा मुद्दाम मोघम ठेवलेलं असतं.

पहिला अर्थ सगळ्यात सौम्य. गांजा बेकायदेशीरच राहील, पण थोडासा जवळ सापडला म्हणून फौजदारी खटला होणार नाही. पोर्तुगालने २००१ मध्ये हे सगळ्याच अमली पदार्थांसाठी केलं. दहा दिवसांच्या वापरापुरता साठा सापडला, म्हणजे गांजाच्या बाबतीत २५ ग्रॅमपर्यंत, तर तो माणूस न्यायालयात न जाता तीन जणांच्या समितीपुढे जातो. तिथे दंड होतो किंवा उपचाराचा सल्ला मिळतो. विकणाऱ्यावर मात्र पूर्वीसारखाच खटला चालतो.

दुसरा अर्थ, घरी झाडं लावायला परवानगी पण विक्रीला बंदी. माल्टाने डिसेंबर २०२१ मध्ये आणि लक्झेंबर्गने जुलै २०२३ मध्ये घरात चार झाडांची मुभा दिली. दुकानं दोन्हीकडे नाहीत. तिसरा अर्थ पूर्ण बाजारपेठेचा: लागवडीचे परवाने, दुकानं, कर, वेष्टनावरचे इशारे. कॅनडात आणि अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हे आहे. चौथा फक्त औषधापुरता, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. ब्रिटनने नोव्हेंबर २०१८ मध्ये तज्ज्ञ डॉक्टरांना अशी चिठ्ठी लिहू दिली आणि तिथेच थांबला.

चौथ्या अर्थाने बोलणाऱ्या पक्षाला तिसऱ्या अर्थाच्या समर्थकांचीही मतं मिळतात. मोघमपणाचा फायदा तो हा.

डावे की उजवे?

गांजाच्या बाजूने बोलणारा पक्ष डावाच असणार, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. नोंदी तसं सांगत नाहीत. उरुग्वेत २०१३ चा कायदा केला तो डाव्या फ्रेंते अँप्लिओ आघाडीने, होसे मुहिका अध्यक्ष असताना. त्यांचा मुख्य युक्तिवाद कायदा-सुव्यवस्थेचा होता: तस्करांच्या टोळ्यांचा धंदाच काढून घ्यायचा. जर्मनीत याच मागणीसाठी उदारमतवादी, उद्योगस्नेही एफडीपी हा पक्ष व्यक्तिस्वातंत्र्य आणि करउत्पन्नाच्या भाषेत बोलत होता. थायलंडमध्ये ग्रामीण भागात मुळं असलेल्या, बऱ्यापैकी परंपरावादी भूमजाईथाई पक्षाने २०१९ च्या निवडणुकीत शेतकऱ्याला नवं नगदी पीक मिळेल असं सांगून मतं मागितली. इस्रायलमध्ये तर एप्रिल २०१९ च्या निवडणुकीत कट्टर उजव्या झेहूत पक्षाने सरकारमध्ये सामील होण्यासाठी गांजाचं कायदेशीरकरण ही अटच घातली होती.

अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाचा कल जास्त अनुकूल आहे हे खरं. तरी केंद्रीय पातळीवर सगळ्यात टिकाऊ ठरलेली तरतूद दोन्ही पक्षांनी मिळून आणली. रिपब्लिकन डेना रोराबाकर आणि डेमोक्रॅट सॅम फार यांच्या नावाने ओळखली जाणारी ही दुरुस्ती डिसेंबर २०१४ मध्ये मंजूर झाली. राज्यांच्या वैद्यकीय गांजा योजनांच्या आड येण्यासाठी केंद्रीय न्याय खात्याला पैसा खर्चता येणार नाही, एवढंच ती म्हणते. तिने कोणताही पदार्थ कायदेशीर केला नाही, फक्त कारवाईचा खर्च अडवला. ती अर्थसंकल्पी विधेयकाला जोडलेली असल्याने मुदत संपली की पुन्हा मंजूर करून घ्यावी लागते.

हे सगळं सांगायचं कारण असं की पक्षाचा हेतू कायद्याच्या रचनेत उतरतो. टोळ्या मोडायच्या असतील तर सरकार दर खाली ठेवतं, ग्राहकांची नोंदणी करतं आणि जाहिरात बंद करतं. उरुग्वेत तसंच झालं. स्वातंत्र्याचा मुद्दा असेल तर घरच्या झाडांवर भर येतो. शेतकरी डोळ्यांपुढे असेल तर लागवड आधी खुली होते आणि विक्रीचे नियम मागे राहतात. कराची हाव असेल तर दुकानं आधी उघडतात. म्हणून जाहीरनाम्यात ‘का’ या प्रश्नाला दिलेलं उत्तर ‘काय’ इतकंच बारकाईने वाचावं.

फक्त गांजासाठी काढलेले पक्ष

अनेक देशांत याच एका मागणीचे पक्ष आहेत. त्यांचं गणित समजून घेतलं की मोठे पक्ष त्यांना एरवी का मोजत नाहीत आणि कधी कधी का घाबरतात, दोन्ही कळतं.

न्यूझीलंडमध्ये १९९६ साली प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पहिली निवडणूक झाली. त्यात आओतेआरोआ लीगलाइझ कॅनबिस पार्टीला १.६६ टक्के मतं मिळाली. १२० जागांच्या सभागृहात सरळ त्रैराशिक मांडलं तर या दोन जागा होतात. पण तिथे पक्षाला ५ टक्के मतं किंवा एखादा मतदारसंघ जिंकणं आवश्यक आहे, त्यामुळे हाती शून्य. इस्रायलमध्ये आले यारोक हा पक्ष १९९९ पासून निवडणुका लढवत आला आणि प्रत्येक वेळी किमान मतांच्या अटीखालीच राहिला. मधल्या काळात ती अट दीड टक्क्यावरून २ आणि मग ३.२५ टक्क्यांवर गेली. ज्या झेहूतला मतदान चाचण्या पाच-सहा जागा देत होत्या, तोही याच रेषेखाली अडकला आणि लाखभराहून जास्त मतं वाया गेली.

ऑस्ट्रेलियात वेगळं घडलं. तिथल्या बहुतेक राज्यांच्या वरिष्ठ सभागृहांत प्रमाणशीर पद्धत आणि पसंतीक्रमाची मतं असतात, म्हणजे पहिल्या पसंतीची मतं थोडी असली तरी बाद झालेल्या उमेदवारांची मतं पुढे सरकत सरकत तुमच्याकडे येऊ शकतात. लीगलाइझ कॅनबिस पक्षाने या वाटेने २०२१ मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियात दोन, २०२२ मध्ये व्हिक्टोरियात दोन आणि २०२३ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये एक जागा मिळवली. दोन जागांनी कायदा होत नाही, पण प्रश्न विचारता येतात, समितीत बसता येतं आणि सरकारला दोन मतं कमी पडली की वाटाघाटीला बोलावणं येतं.

अमेरिकेतल्या मिनेसोटात या पक्षांनी कशी डोकेदुखी निर्माण केली ते पाहण्यासारखं आहे. तिथे राज्यव्यापी लढतीत ५ टक्के मतं मिळाली की पक्षाला ‘प्रमुख पक्ष’ हा दर्जा मिळत असे. हा दर्जा असला की सह्या गोळा न करता नाव मतपत्रिकेवर जातं. २०१८ मध्ये गांजाच्या मागणीवर उभ्या असलेल्या दोन पक्षांना तो मिळाला. पण संघटना कच्ची, उमेदवार पारखण्याची यंत्रणा नाही. अर्ज भरेल तो पक्षाचा उमेदवार. चुरशीच्या मतदारसंघांत हे उमेदवार डेमोक्रॅटांची मतं खाऊ लागले, आणि त्यातले काही रिपब्लिकनांनीच उभे केल्याचा आरोप झाला. म्हणजे गांजाच्या समर्थकाने गांजाच्या पक्षाला मत द्यायचं आणि त्यामुळे गांजाविरोधी उमेदवार निवडून यायचा! अखेर तिथे कायदा झाला तो २०२२ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटांना सिनेटमध्ये ३४ विरुद्ध ३३ असं एका जागेचं बहुमत मिळाल्यावर. मे २०२३ मध्ये स्वाक्षरी झाली, १ ऑगस्टपासून अंमल. त्याच वर्षी ‘प्रमुख पक्षा’ची अट ५ वरून ८ टक्के झाली, हाही योगायोग मानायचं कारण नाही.

पाठिंबा भरपूर, मतं मात्र तेवढी नाहीत

गॅलप या सर्वेक्षण संस्थेनुसार अमेरिकेत १९६९ मध्ये १२ टक्के लोक कायदेशीरकरणाच्या बाजूने होते. २०२३ मध्ये ७० टक्के. इतका पाठिंबा असूनही केंद्रीय कायदा का बदलत नाही? कारण सर्वेक्षणात ‘हो’ म्हणणारा माणूस मत देताना नोकरी, महागाई, आरोग्य, कर यांचा विचार करतो. केवळ गांजासाठी पक्ष बदलणारा मतदार फार थोडा. उलट विरोधात असलेला मतदार संख्येने कमी असला तरी मुलांची काळजी किंवा धार्मिक भूमिका यांमुळे जास्त ठाम असतो, आणि तो नियमाने मतदानाला जातो. या हिशेबात मोठ्या पक्षाच्या नेत्याला गप्प बसणंच परवडतं.

उरुग्वेत याच्या नेमकं उलट घडलं. तिथे कायदा झाला तेव्हा सर्वेक्षणांत बहुसंख्य लोक विरोधात होते. पण सत्ताधारी आघाडीकडे कनिष्ठ सभागृहात ९९ पैकी ५० जागा होत्या आणि पक्षशिस्त कडक होती. त्या आघाडीतल्या एका सदस्याला विधेयक मनापासून नापसंत होतं, तसं त्याने उघड सांगितलं आणि तरीही बाजूने मत दिलं. ३१ जुलै २०१३ ला हजर ९६ पैकी बरोबर ५० मतं पडली. तो एक जण फुटला असता तर ४९ विरुद्ध ४७ इतकंच अंतर उरलं असतं. डिसेंबरमध्ये सिनेटने १६ विरुद्ध १३ मतांनी शिक्कामोर्तब केलं.

तेव्हा लोकमताची टक्केवारी पाहून कायदा कधी होईल याचा अंदाज बांधू नये. सभागृहातल्या जागा, पक्षादेश आणि आघाडीतल्या लहान पक्षाची गरज, या तीन गोष्टी जास्त खरं सांगतात.

आघाडीच्या करारातून: जर्मनी

लहान पक्षाला आपली मागणी पुढे रेटायची सर्वात मोठी संधी सरकार बनताना मिळते. जर्मनीत सप्टेंबर २०२१ च्या निवडणुकीनंतर सोशल डेमोक्रॅट, ग्रीन आणि एफडीपी असे तीन पक्ष एकत्र आले. कर, हवामान, कर्जमर्यादा यांवर त्यांचं पटत नव्हतं. गांजावर ग्रीन आणि एफडीपी दोघांचं एकमत होतं आणि मोठ्या भागीदाराचा फारसा विरोध नव्हता, म्हणून नोव्हेंबरच्या करारात तो सहज बसला. शब्द होते: परवानाधारक दुकानांतून प्रौढांना नियंत्रित विक्री.

प्रत्यक्षात जर्मनीत दुकानं उघडली नाहीत. घोडं अडलं ते युरोपीय संघाच्या नियमांत. २००४ च्या एका चौकट निर्णयानुसार सदस्य देशांनी अमली पदार्थांची विक्री आणि व्यापारासाठी लागवड हे गुन्हे ठरवलेच पाहिजेत. फक्त स्वतःच्या वापरासाठी केलेली लागवड त्यातून वगळली आहे. आरोग्यमंत्री कार्ल लाउटरबाख यांनी ब्रुसेल्सशी, म्हणजे युरोपीय संघाच्या मुख्यालयाशी, बोलणी केली आणि एप्रिल २०२३ मध्ये योजनेचे दोन भाग पाडले. पहिल्यात घरची लागवड आणि सदस्यांपुरतीच लागवड करणारे बिनानफ्याचे क्लब. दुसऱ्यात काही शहरांपुरती प्रायोगिक विक्री. पहिला भाग त्या अपवादात बसत होता. दुसरा मागे पडला आणि त्याचं घोंगडं भिजतच राहिलं.

२३ फेब्रुवारी २०२४ ला बुंडेस्टागने, म्हणजे जर्मन संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, ४०७ विरुद्ध २२६ मतांनी विधेयक मंजूर केलं. त्यानंतरचा अडथळा राज्यांच्या सभागृहाचा होता. तिथे तक्रार आली ती गृह आणि न्याय खात्यांकडून, आणि तिचा मोठा रोख जुन्या शिक्षांवर होता. नव्या कायद्याने जे गुन्हे उरणार नव्हते त्यांच्या शिक्षा माफ करायच्या, तर हजारो जुन्या फायली हाताने उघडून पाहाव्या लागणार होत्या. २२ मार्चला विधेयक दोन्ही सभागृहांच्या समन्वय समितीकडे पाठवण्याइतकी मतं पडली नाहीत आणि ते निसटलं. तिथे अडकलं असतं तर कदाचित त्या सरकारच्या काळात बाहेर आलंच नसतं, कारण नोव्हेंबरमध्ये आघाडी मोडली.

१ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना बाहेर २५ ग्रॅम, घरी ५० ग्रॅम आणि तीन झाडं अशी मुभा आहे. १ जुलैपासून क्लबना परवाने मिळू लागले. क्लबमध्ये जास्तीत जास्त ५०० सदस्य. एका सदस्याला दिवसाला २५ आणि महिन्याला ५० ग्रॅम. १८ ते २१ वयाच्या सदस्याला महिन्याला ३० ग्रॅमच, आणि त्यात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, १० टक्क्यांहून जास्त चालत नाही. क्लबचा परवाना राज्य देतं. त्यामुळे बर्लिनमधल्या पक्षाने केलेला कायदा म्युनिकमधल्या पक्षाच्या हातात पडतो. कायद्याला विरोध असलेल्या बव्हेरिया सरकारने जत्रा आणि बिअर गार्डनसाठी जादा बंदीची तरतूद केली.

सार्वमत: नेत्याची सुटका, मसुद्याची परीक्षा

पक्षाला स्वतःच्या अंगावर घ्यायचं नसेल तर प्रश्न थेट लोकांपुढे ठेवतात. न्यूझीलंडमध्ये २०१७ मध्ये लेबर आणि ग्रीन यांच्या पाठिंब्याच्या करारात सार्वमताची अट होती. विधेयकाचा मसुदा आधीच प्रसिद्ध झाला: वय २०, दिवसाला १४ ग्रॅम खरेदी, माणशी दोन आणि घरात जास्तीत जास्त चार झाडं. मसुदा चांगला होता, निदान मतदाराला काय मिळणार ते स्पष्ट होतं. पण पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी आपलं मत निकालापर्यंत गुलदस्त्यात ठेवलं. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच मतदानात त्यांच्या पक्षाला प्रचंड विजय मिळाला आणि गांजाचा प्रस्ताव ५०.७ विरुद्ध ४८.४ टक्क्यांनी पडला. नंतर त्यांनी आपण ‘हो’ म्हटल्याचं सांगितलं. त्यांनी आधी बोललं असतं तर निकाल फिरला असता का, यावर वाद घालता येईल. इतक्या निसटत्या फरकात शक्यता नाकारता येत नाही.

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत नागरिक सह्या गोळा करून प्रस्ताव थेट मतपत्रिकेवर आणू शकतात. २०१२ मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन ही पहिली दोन राज्यं याच वाटेने गेली. विधिमंडळाने स्वतःहून असा कायदा करण्याची पहिली वेळ व्हरमाँटमध्ये आली, तीही २०१८ मध्ये. या वाटेवरचे खड्डे मात्र तांत्रिक असतात, आणि प्रचार जिंकूनही माणूस त्यात पडतो.

फ्लोरिडात नोव्हेंबर २०२४ मध्ये जवळपास ५६ टक्के मतदारांनी ‘हो’ म्हटलं आणि प्रस्ताव पडला. राज्यघटनेत बदल करायला तिथे ६० टक्के लागतात. रिपब्लिकन गव्हर्नर रॉन डीसँटिस विरोधात होते, रिपब्लिकन अध्यक्षीय उमेदवार डोनाल्ड ट्रम्प बाजूने. एकाच पक्षाचा मतदार कुणाचं ऐकणार?

साउथ डकोटात २०२० मध्ये ५४ टक्के मतांनी प्रस्ताव जिंकला, पण न्यायालयाने तो रद्द केला. एका दुरुस्तीत एकच विषय असावा हा तिथला नियम, आणि मसुद्यात प्रौढांचा वापर, वैद्यकीय गांजा आणि औद्योगिक हेंप (धाग्यासाठी पिकवली जाणारी, नशा न आणणारी जात) असं सगळंच कोंबलं होतं. पुन्हा २०२२ आणि २०२४ मध्ये मत घेतलं तेव्हा लोकांनीच नाही म्हटलं.

ओहायोचं उदाहरण तर मसुदा लिहिणाऱ्या प्रत्येकाने समोर ठेवावं. २०१५ मध्ये मोहिमेला पैसा पुरवणाऱ्या गुंतवणूकदारांच्या मालकीच्या दहा ठिकाणीच व्यापारी लागवड करता येईल, असं राज्यघटनेत लिहायचा प्रस्ताव होता. गांजाचे समर्थकसुद्धा बिथरले आणि सुमारे ६४ टक्के मतं विरोधात गेली. २०२३ मध्ये मक्तेदारी नसलेला मसुदा आला आणि ५७ टक्क्यांनी मंजूर झाला. या वेळी तो घटनादुरुस्ती म्हणून न आणता साधा कायदा म्हणून आणला होता. तसा मंजूर करून घेणं सोपं पडतं, पण विधिमंडळाला तो पुढे बदलताही येतो.

न्यायालयाने ढकललं, संसदेने टाळलं

काही देशांत पक्षांनी जे टाळलं ते न्यायालयाने केलं. मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने एकाच आशयाचे पाच निकाल देऊन २०१८ मध्ये बंदी घटनाबाह्य ठरवली आणि संसदेला मुदत दिली. मुदती वाढत गेल्या. सिनेटने एक मसुदा मंजूर केला, कनिष्ठ सभागृहाने दुसरा, आणि दोन्ही जुळले नाहीत. जून २०२१ मध्ये न्यायालयाने स्वतःच वैयक्तिक वापरावरची बंदी उठवली. आता वैयक्तिक परवान्याचा अर्ज करता येतो, पण बियाणं विकत कुठून घ्यायचं याचं उत्तर कायद्यात नाही. दक्षिण आफ्रिकेत सप्टेंबर २०१८ च्या निकालाने संसदेला दोन वर्षं दिली होती. कायद्यावर अध्यक्षांची सही झाली मे २०२४ मध्ये, मतदानाच्या आदल्या दिवशी.

मंत्र्याच्या सहीवर उभा गांजा: थायलंड

घाई केली की काय होतं, ते थायलंडमध्ये दिसलं. भूमजाईथाईचे नेते अनुतिन चार्नवीराकुन आरोग्यमंत्री झाले. अमली पदार्थांची यादी त्यांच्या खात्याच्या अखत्यारीत होती. ९ जून २०२२ पासून गांजा त्या यादीतून निघाला. विक्री, वय, जागा, प्रमाण यांचे नियम करणारं विधेयक संसदेत वेगळं यायचं होतं. ते अडकलं, कारण आघाडीतल्या आणि विरोधातल्या पक्षांना एका पक्षाचं श्रेय वाढवायचं नव्हतं. बंदी उठली, नियम आले नाहीत, आणि मधल्या पोकळीत हजारो दुकानं उघडली.

२०२३ च्या निवडणुकीत इतर मोठे पक्ष ‘पुन्हा नियंत्रण’ आणू असं सांगत उतरले. जून २०२५ मध्ये भूमजाईथाई सरकारमधून बाहेर पडला आणि त्याच महिन्यात दुसऱ्या पक्षाच्या आरोग्यमंत्र्याने आदेश काढला: यापुढे फक्त वैद्यकीय चिठ्ठीवर विक्री. संसदेत चर्चा नाही, मतदान नाही. जी गोष्ट एका मंत्र्याच्या सहीने आली ती दुसऱ्याच्या सहीने गेली. काही आठवड्यांनी अनुतिन स्वतः पंतप्रधान झाले, पण परवाने आणि गुंतवणूक करून बसलेल्या दुकानदारांना या उलथापालथीत कुणीच ठोस काही सांगू शकत नव्हतं.

अमेरिकेतही याची सौम्य आवृत्ती झाली. राज्यांनी कायदेशीर केलेल्या गांजाकडे दुर्लक्ष करा असं सांगणारं ऑगस्ट २०१३ चं न्याय खात्याचं पत्रक जानेवारी २०१८ मध्ये नव्या सरकारने मागे घेतलं. रोराबाकर-फार दुरुस्ती मात्र टिकली, कारण ती संसदेने मंजूर केलेली होती.

संसदेचा कायदा उलटवणं तुलनेने अवघड असतं. उरुग्वेत २०२० मध्ये मध्य-उजव्या आघाडीचं सरकार आलं, तरी कायदा तसाच राहिला. जर्मनीत सीडीयू-सीएसयू या परंपरावादी पक्षांच्या युतीने रद्द करण्याचं आश्वासन देऊन २०२५ ची निवडणूक जिंकली. पण सरकार बनवायला सोशल डेमोक्रॅट लागले, आणि करारात ‘रद्द’ऐवजी कायद्याचं खुल्या मनाने मूल्यमापन एवढंच उरलं. ज्या आघाडीच्या राजकारणाने कायदा आणला त्यानेच तो वाचवला.

माल येणार कुठून?

राजकीय भाषणात हा प्रश्न जवळजवळ कधीच नसतो आणि बिघाड सर्वाधिक इथेच होतो.

नेदरलँड्सने १९७६ पासून ‘कॉफीशॉप’ म्हणवणाऱ्या दुकानांमधली गांजाची किरकोळ विक्री चालवून घेतली. गिऱ्हाइकाला ५ ग्रॅमपर्यंत विकलं तर कारवाई नाही. पण दुकानदाराने माल घेणं बेकायदेशीरच राहिलं. पुढच्या दारातून कर भरणारा व्यापारी, मागच्या दारातून टोळीकडून खरेदी करणारा गुन्हेगार, अशी त्याची अवस्था. डी६६ या उदारमतवादी पक्षाचं लागवड नियमित करणारं विधेयक फेब्रुवारी २०१७ मध्ये कनिष्ठ सभागृहात ७७ विरुद्ध ७२ ने मंजूर झालं. पण त्याच वर्षी डी६६ ख्रिस्ती पक्षांबरोबर सरकारमध्ये बसला आणि तडजोड म्हणून दहा नगरपालिकांपुरता प्रयोग ठरला. परवानाधारक उत्पादकांचा पहिला माल ब्रेडा आणि टिलबर्गमध्ये पोचला तो डिसेंबर २०२३ मध्ये.

उरुग्वेने लागवड, क्लब आणि औषधदुकानं या तिन्ही वाटा कायद्यातच लिहिल्या: घरी सहा झाडं आणि वर्षाला ४८० ग्रॅम, १५ ते ४५ सदस्यांचे क्लब, आणि नोंदणी केलेल्यांना महिन्याला ४० ग्रॅम दुकानातून. ग्राहकाने यातली एकच वाट निवडायची. औषधदुकानांतली विक्री सुरू व्हायला जुलै २०१७ उजाडला. सुरुवातीला फक्त १६ दुकानं तयार झाली. लगेच पुढच्या महिन्यात बँकांनी त्यांना खाती बंद करण्याच्या सूचना दिल्या. या बँकांचे डॉलरचे व्यवहार अमेरिकन बँकांमार्फत होतात आणि अमेरिकी केंद्रीय कायद्यात तो पैसा अमली पदार्थांचा ठरतो. एका सार्वभौम देशाच्या संसदेचा कायदा, आणि काही दुकानदारांनी खातं वाचवायला गांजा सोडला.

अमेरिकेत हाच तिढा देशांतर्गत आहे. गांजा १९७० च्या कायद्यानुसार पहिल्या, म्हणजे सर्वात कडक अनुसूचीत टाकला गेला. पहिल्या किंवा दुसऱ्या अनुसूचीतल्या पदार्थाचा धंदा करणाऱ्याला करकायद्याचं कलम २८०ई लागू होतं: मालाची खरेदी किंमत वजा करता येते, पण भाडं, पगार, जाहिरात हे खर्च नाहीत. त्यामुळे तोट्यातल्या दुकानालाही आयकर बसू शकतो. ‘तिसऱ्या अनुसूचीत टाकू’ अशी घोषणा एखादा नेता करतो तेव्हा दुकानदाराच्या दृष्टीने तिचा मुख्य अर्थ हे कलम सुटणं हा असतो. केवळ त्याने प्रौढांचा वापर केंद्रीय कायद्यात वैध होत नाही.

कॅनडात तर सगळं रीतसर झालं. जस्टिन ट्रुडो यांच्या लिबरल पक्षाने २०१५ मध्ये आश्वासन दिलं, कृतिगट नेमला, विधेयक एप्रिल २०१७ मध्ये मांडलं आणि १७ ऑक्टोबर २०१८ ला अंमल सुरू केला: बाहेर ३० ग्रॅम, घरात चार झाडं. किमान वय आणि दुकानांची पद्धत प्रांतांवर सोपवली. तरी पहिल्याच महिन्यात माल संपला. क्युबेकमधल्या सरकारी दुकानांना आठवड्यातले काही दिवस कुलूप लावावं लागलं. ऑन्टॅरिओत त्याच वर्षी सरकार बदललं, सरकारी दुकानांची योजना रद्द होऊन खासगी दुकानांची आली, आणि पहिलं दुकान उघडायला एप्रिल २०१९ लागला. कायदा करणारा पक्ष एक आणि दुकान उघडणारा दुसरा असला की असे महिने जातात.

कराचं गणितही चुकलं. उत्पादन शुल्क ग्रॅमला एक डॉलर किंवा किमतीच्या १० टक्के, यातलं जे जास्त ते. ग्रॅमचा दर दहा डॉलरच्या आसपास असेल तर दोन्ही सारखंच. दर घसरून चार-पाच डॉलरवर आले आणि तोच एक डॉलर २०-२५ टक्क्यांचा झाला. लहान उत्पादक यातच बुडाले. शुल्क ठरवताना निश्चित रकमेऐवजी टक्केवारी धरली असती तर हे टळलं असतं.

जाहीरनामा वाचताना

आश्वासन समोर आलं की क्रियापद शोधा. ‘विचार करू’, ‘समिती नेमू’, ‘सार्वमत घेऊ’ यांत पक्षाने स्वतःला बांधून घेतलेलं नसतं. ‘शिक्षा काढू’ म्हणजे बाजारपेठ नाही. ग्रॅम, झाडं आणि वय यांचे आकडे दिले असतील तर मसुद्यावर कुणीतरी बसलं आहे असं समजायला हरकत नाही. मग पाहावं की हा विषय कोणत्या सभागृहाच्या हातात आहे. संघराज्यात केंद्राने गुन्हा काढला तरी दुकानाचा परवाना, जमीनवापर आणि पोलीस राज्याकडे असतात. आंतरराष्ट्रीय करारांचा उल्लेख आहे का तेही बघावं: अमली पदार्थांवरच्या १९६१ च्या ‘एकल करार’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार गांजाचा वापर वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणांपुरताच ठेवायचा आहे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजा सर्वात कडक अनुसूचीतून काढला, पण ही मुख्य अट तशीच आहे. कॅनडाने आपण तिच्याबाहेर जात असल्याचं सरळ मान्य केलं.

वाहन चालवण्याची मर्यादाही विचारावी. टीएचसी रक्तात नशा उतरल्यावरही रेंगाळतं, त्यामुळे दारूसारखा सोपा आकडा मिळत नाही. जर्मनीने कायदा आधी केला आणि ३.५ नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर ही मर्यादा ऑगस्ट २०२४ मध्ये आणली. मधले महिने वापर कायदेशीर होता आणि परवाना मात्र जुन्या कडक निकषावर जाऊ शकत होता.

राहिला जुन्या शिक्षांचा प्रश्न. कॅनडाने २०१९ मध्ये साध्या बाळगणुकीच्या शिक्षा झालेल्यांसाठी शुल्क आणि प्रतीक्षा न ठेवता नोंद बाजूला काढण्याची सोय केली, पण अर्ज स्वतः करायचा होता: न्यायालयाची कागदपत्रं, पोलिसांची नोंद, बोटांचे ठसे. अपेक्षेपेक्षा फारच थोडे अर्ज आले. इलिनॉय राज्याने त्याच वर्षी किरकोळ प्रकरणांची नोंद पुसण्याचं काम सरकारी यंत्रणेवरच टाकलं. संबंधिताला काही करावं लागत नाही. जाहीरनाम्यात ‘माफी’ असा शब्द दिसला तर अर्ज कुणी करायचा, एवढंच पक्षाच्या उमेदवाराला विचारावं.